चार वर्षांचं शेवटचं स्टेशन

(व्याख्यानमालेत कोल्हार येथे दिलेलं व्याख्यान)



ज्या गावात रेल्वे नाही तिथं रेल्वेच्या एका आडगावच्या थांब्यावर बोलायचं, हा थोडा आगाऊपणाच आहे. पण रेल्वेनं बाजूला ठेवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन झाली ती तुमच्या पूर्वेनं गेली. श्रीरामपुरात गाडी धरायला जाता तेव्हा स्टेशनावर पाटी ‘बेलापूर’ची दिसते. नाव एका गावाचं, भरभराट दुसऱ्याची!

बार्शीचंही असंच झालं. मुंबईहून निघालेली मोठी लाइन १८६० साली सोलापूरला पोचली, पण कापसाची पेठ असलेली बार्शी वीस-एकवीस मैल बाजूला राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ म्हणायचं आणि पुढं बैलगाडी जुंपायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे अंतर हेरलं. बरीच वर्षं खटपट करून १८९७ साली त्यानं बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू केली.

हा माणूस पक्का हिशेबी होता. त्याचा मुद्दा असा, की गाडीचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं तर रूळ हलका चालतो. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग दर यार्डाला तीस पौंडांचा रूळ पुरतो. तो इतका हलका, की आजच्या मोठ्या लाइनचा माणूस बघून हसेल. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना म्हणूनच आठ चालती चाकं आणि मागं आणखी चार. रूळ हलका म्हणजे पूल हलका, भराव कमी, खर्च कमी. आणि खर्च कमी म्हणूनच जिथं रोज चार उतारू मिळतील अशा गावालाही थांबा देणं परवडतं. हे शेवटचं वाक्य माझं आहे, कॅलथ्रॉपचं नव्हे. पण त्याच्या हिशेबातून तेच निघतं.

१९०६ साली एक फाटा पंढरपूरला गेला. आषाढीला डबे अपुरे पडले की वारकरी मालाच्या वाघिणींतून जात. पण आज मला पंढरपूर नको, मला दुसऱ्या टोकाचं तडवळे हवंय. १९०७ साली लाइन बार्शीहून पूर्वेला तडवळ्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली. पुढं लातूरला पोचायला १९११ उजाडलं. मधली चार वर्षं तडवळे हे शेवटचं स्टेशन होतं.

शेवटचं स्टेशन म्हणजे काय असतं बघा. इंजिन तिथं तोंड फिरवतं, पाणी घेतं. पुढच्या मुलखातला माल बैलगाड्यांनी तिथंच येऊन पडतो. हमाल, अडते, चहावाला, सगळ्यांना काम मिळतं. त्या भागात इंग्रजी मुलूख आणि निजामाची मोगलाई यांच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या, त्यामुळे कुठल्या गावी रूळ थांबतो याला आणखीच वजन. मग १९११ साली गाडी पुढं लातूरला जाते आणि लातूरची पेठ वाढते. तडवळ्याला गाडी थांबते, दोन माणसं उतरतात, निघून जाते. गाव तेच, रूळ तेच, फक्त शेवटचं टोक सरकलं.

तरी गाव नकाशावर राहिलं. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच कसबे तडवळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. ज्या गावचं नाव तिकिटावर छापलेलं असतं, ते लांबच्या माणसाच्याही ओळखीचं असतं. लहान थांब्याची ही कमाई कुठल्याच ताळेबंदात धरत नाहीत.

अशा थांब्याचा कारभार कसा चालतो, तेही सांगतो. स्टेशनमास्तर ठेवणं परवडत नाही तिथं हॉल्ट एजंट नेमतात, म्हणजे गावातलाच एखादा माणूस. मोठ्या स्टेशनावरून तो आधी पैसे भरून तिकिटं आणतो, गाडीच्या वेळेला विकतो आणि त्यावर कमिशन घेतो. ते जाड पुठ्ठ्याचं, बोटभर लांबीचं तिकीट आठवतंय का? यंत्रात घालून खटकन तारीख उठवायचे. ज्या दिवशी उतारू नाही, त्या दिवशी एजंटाला कमाई नाही.

आणि उतारू कमी होत गेले ते एस.टी.मुळे. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, हे नगर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. एस.टी. वेशीत, देवळासमोर माणूस उतरवते. रेल्वेचा थांबा शिवारात, वरून गाडीचा वेग बेताचा. लोकांनी एस.टी. धरली यात त्यांचं काही चुकलं नाही. छोट्या गाडीसाठी उसासे टाकणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार हिशेबाची आहे. १९२७ साली मिरजेपर्यंत २०२ मैल झालेली ही लाइन १९५४ साली सरकारनं घेतली. मग स्वस्त म्हणून बांधलेल्या थांब्यांना मोठ्या लाइनचा मापदंड लागला आणि सगळे तोट्यात दिसू लागले.

२००७-०८ मध्ये लातूर बाजू ब्रॉडगेज झाली. छोट्या गाडीनं टाळलेलं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, तेव्हा कुठं रेल्वेवर आलं. जिल्ह्याच्या ठिकाणाला शंभर वर्षं थांबावं लागलं, त्यापुढं तडवळ्याचं दुःख कुणाला!

कॅलथ्रॉपनं इंग्लंडमध्येही अशीच अडीच फुटी लीक-मॅनिफोल्ड लाइन उभारली होती. १९०४ साली सुरू झाली, दुधाचे कॅन वाहिले आणि १९३४ साली बंद पडली. तीन वर्षांत तिथं रूळ काढून त्या जागेवर पायवाट झाली. आजही लोक त्या वाटेनं थांबा-थांबा चालत जातात.

आपल्याकडं तेवढंही करायला नको, निदान लिहून तरी ठेवा. नगर जिल्ह्यातल्या खाजगी साखर कारखान्यांनी ऊस आणायला मळ्यांतून अरुंद रूळ टाकले होते. त्यावर ट्रॉल्या चालवणारी, सांधे बदलणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं असतील. तुमच्या घरात, भावकीत असा कुणी असेल तर त्याला या उन्हाळ्यात गाठा. कुठं ट्रॉली थांबायची, त्या जागेला काय म्हणायचे, ऊस कुठं भरायचे, एवढं वहीत उतरवा आणि ती वही गावच्या वाचनालयात जमा करा.