लाल शाईचे पत्र
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या ६० वर्षांच्या वाटचालीतील दहा वर्षे माझ्या वाट्याला आली. त्यांचे मोल मात्र मला शाळेपासून फार दूर, शांतिनिकेतनात कळले.

१९८४ साली हैदराबादहून हावडा आणि तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवरील बोलपूर असा प्रवास करून मी उतरलो, तेव्हा बंगालीचे एक अक्षरही येत नव्हते. रवींद्रनाथांनी १९२१ मध्ये स्थापिलेली विश्वभारती या लहानशा गावाला लागूनच आहे. तांबड्या मातीचे रस्ते, बुधवारची साप्ताहिक सुटी, आम्रकुंजात झाडांखाली बसलेली पाठभवनाची मुले, सारेच नवलाचे. परंतु नवलाई लवकर ओसरते. भोजनगृहात सर्वजण हसत आणि मी हसण्याचे कारण शोधत बसे. मराठी माध्यमात शिकल्यामुळेच आपण मागे पडलो, असे मनाने घेतले. आपल्या मराठीच्या बाईंना मी तसे कळवले. परत येतो, असेही लिहिले.

बाईंनी माझेच पत्र लाल शाईने तपासून परत धाडले! खाली दोनच ओळी होत्या: "ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका. एक भाषा नीट येते त्याला दुसरी परकी राहत नाही. आधी तेथील पाट्या वाच."

मी पाट्या वाचू लागलो. जवळच्या श्रीनिकेतनात 'शिक्षासत्र' ही अक्षरे जुळवली आणि दचकलोच. मराठीत काय, तेलुगूत काय, शिक्षा म्हणजे दंड! बंगालीत तिचा अर्थ शिक्षण, हे समजावताना खोलीतील सोबती पोट धरून हसला. त्या दिवशी प्रथमच मीही त्याच्यासोबत हसलो. पौषमेळ्यात बाउलांच्या गाण्यातील ओळखीचे शब्द कानांवर पडू लागले. पुढे पदवीदानसमयी मिळालेले सप्तपर्णीचे पान मी बाईंना पाठवले.

पालकहो, मुलाला मराठी शाळेत घालताना वाटणारी धास्ती मी जाणतो. इंग्रजीसाठी मलाही पुढे पुष्कळ कष्ट पडले, हे लपवत नाही. परंतु शब्दाशी थांबावे, चूक झाल्यास दुरुस्त करावी, ही सवय याच शाळेने लावली आणि प्रत्येक परक्या गावी तीच उपयोगी पडली.

बाई आज हयात नाहीत. त्यांचे ते लाल शाईचे पत्र मी आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. पाचही चुकांसह.