बियाणे घरी राखावे

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकजण शेतकरी कुटुंबांतून आलेले आहेत. पिकलेले धान्य वखारीत ठेवून पावती घ्यावी, यात गैर काही नाही. परंतु पुढील हंगामाचे बियाणे मात्र घरातील जाणती माणसे राख लावून, मडक्यात भरून, आपल्या नजरेखाली ठेवीत असत. वखारीवर त्यांचा अविश्वास होता असे नव्हे. बियाणे गेले तर पेरणीच बुडते, हे त्यांना ठाऊक होते. आज मला आपल्या वैयक्तिक कागदपत्रांविषयी आणि छायाचित्रांविषयी हेच सांगावयाचे आहे.

मोबाइलवर घेतलेले छायाचित्र अनेकदा आपोआप ‘क्लाउड’वर जाते. नाव ढगाचे असले, तरी तो साठा दूर कोठेतरी एखाद्या इमारतीतील संगणकांवर असतो. सोय मोठी आहे. मोबाइल हरवला तरी छायाचित्रे राहतात. मात्र वखार दुसऱ्याची आहे आणि तिचे नियम बदलत असतात. गूगल फोटोजवरील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण त्याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले.

हा धडा मी स्वतःच्या घरी शिकलो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर गावातील विहिरी, शिवार आणि जुनी माणसे यांच्या आठवणी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत. त्यांच्या निधनानंतर आम्ही त्यांचा मोबाइल क्रमांक बंद केला. पुढे खाते उघडू लागलो, तेव्हा पासवर्ड हाती होता. परंतु पडताळणीचा संकेतांक त्याच बंद क्रमांकावर जात होता. ते खाते उघडले नाही. वडिलांचा आवाज आज आमच्याकडे नाही.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटत नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास आग लागली. तेथील ‘जी-ड्राइव्ह’ या साठ्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली होत्या. सुमारे ८५८ टेराबाइटचा तो साठा नष्ट झाला आणि त्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. आपल्या मंत्रालयास २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत कागदी फायली जळाल्या. एके ठिकाणी कागद होता, दुसरीकडे संगणक; एकच प्रत एकाच जागी ठेवण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच.

यास्तव काय करावे? प्रथम आपले बियाणे कोणते, हे ठरवावे. सेवापुस्तकाची प्रत, निवृत्तिवेतनाचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे, जमिनीचे दस्त, घरची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांची यादी करावी. कार्यालयाचे अभिलेख मात्र घरी नेऊ नयेत. मी केवळ वैयक्तिक फायलींविषयी बोलत आहे.

त्यानंतर हा साठा उतरवून घ्यावा. गूगलच्या खात्यातील मजकूर ‘टेकआउट’ या सोयीतून एकत्रित मागविता येतो. तो झिप स्वरूपातील गठ्ठ्यांत मिळतो. इंटरनेट मंद असल्यास २ जीबीचे लहान गठ्ठे निवडावेत आणि दुव्याची मुदत साधारण एक आठवड्याचीच असल्याने काम लांबवू नये. छायाचित्रांसोबत काही लहान फायली येतात. त्यांत तारीख व स्थळाची नोंद असते. निरुपयोगी समजून त्या फेकू नयेत.

उतरविलेला मजकूर दोन हार्ड डिस्कवर घ्यावा. एक घरी ठेवावी, दुसरी अन्य गावातील विश्वासू नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक; वर्षानुवर्षांच्या साठवणीसाठी त्यावर विसंबू नये. काम संपताच डिस्क संगणकापासून वेगळी करावी, म्हणजे व्हायरसचा किंवा विजेच्या धक्क्याचा उपद्रव तिला पोहोचणार नाही. डिस्कला पासवर्ड घालावा आणि तो घरातील आणखी एका व्यक्तीस ठाऊक असावा.

येथे एक सावधगिरी हवी. मोबाइल आणि क्लाउड एकमेकांशी ‘सिंक’ केलेले असतील, तर एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते. म्हणून सिंक म्हणजे स्वतंत्र प्रत नव्हे. दोन्ही डिस्कवरील फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय क्लाउडवरील काहीही काढू नये.

खंडेनवमीला आपण अवजारे पुसून त्यांची पूजा करतो. त्याच दिवशी दोन्ही डिस्क जोडून पाहाव्यात, नव्या फायलींची भर घालावी आणि जुनी झालेली डिस्क वेळीच बदलावी. हे काम जमणारा एक तरुण प्रत्येक गावात सापडेल. शिक्षकांनी त्याला हाताशी धरून ज्येष्ठांना मदत करावी, अशी माझी विनंती आहे.

आज घरी गेल्यावर सुरुवात मात्र एकाच फायलीने करा. आईचा किंवा वडिलांचा आवाज कोठे साठवलेला असेल, तर तो आधी उतरवून घ्या.