महाकोशलातील मराठी कुळांचा शोध
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त सिविल लाइंस, जबलपूर येथे दिलेले व्याख्यान)



जबलपुरातील मराठी माणसाला त्याचे मूळ गाव विचारले, तर उत्तर बहुधा तीन पायऱ्यांनी येते : आम्ही जबलपूरचे, आजोबा सागरचे किंवा नागपूरचे, आणि त्यापूर्वी कोकणातून अथवा देशावरून कोठून तरी. या ‘कोठून तरी’विषयी आज बोलावयाचे आहे.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात गेलेल्या अनेक कुटुंबांचे वंशज अठराव्या शतकात अमेरिकेत वसले. मूळ शोधताना त्यांच्या वारसांनाही आधी हा मधला मुक्काम गाठावा लागतो. १९२२ साली डब्लिनचे अभिलेखागार आगीत नष्ट झाले आणि पुष्कळांचा माग तेथेच तुटला.

आपला मधला मुक्काम ओळखायचा तर इतिहासातील लाटा ध्यानी घ्याव्या लागतात. १७४२ साली नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर राजधानी झाली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुराशी जुळला. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून, वकील, शिक्षक वा कारागीर म्हणून. घराणे कोणत्या लाटेबरोबर आले हे कळले, की कागद कोठे शोधावेत हेही कळते. पेशवाईतील चाकरीचा माग पुण्याच्या पेशवे दप्तरात, मालगुजारीचा जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत, तर तीर्थयात्रेचा नाशिक, प्रयाग, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत लागू शकतो.

शोधाचा नियम एकच : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. आधी आजोबा, मग पणजोबा. आडनाव जुळले म्हणून एखाद्या सरदाराला पूर्वज मानू नये. आडनावे बदलतात. सागरचे गोविंदपंत बुंदेले मूळचे रत्नागिरीजवळील नेवरे गावचे खेर. मुलुखाने त्यांना नवे नाव दिले. दत्तकामुळे रक्ताची आणि वारशाची रेघ निराळी होते. झाशीच्या गंगाधररावांचे दत्तकपुत्र दामोदरराव हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. आणि ज्यांना जग राणी लक्ष्मीबाई म्हणून ओळखते, त्या माहेरच्या मणिकर्णिका तांबे. आपल्या बहुतेक वंशावळींत लेकी नाहीत, सुनांची माहेरे नाहीत. अशी वंशावळ म्हणजे कुळाचा अर्धाच वृत्तांत होय.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. छापील कुलवृत्तांत निघाले ते मुख्यतः लेखणी हाती असलेल्या घराण्यांचे. फौजेबरोबर आलेल्या शिपायाचे, शिंप्याचे, लोहाराचे, रेल्वेच्या खलाशाचे काय? त्यांच्या घरी मोडीतला कागद नसेल. त्यांपैकी अनेकांच्या कुळातील पहिली लेखी नोंद ही शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरातच सापडेल : मुलाचे नाव, वडिलांचे नाव, व्यवसाय, जन्मतारीख. म्हणूनच अशी रजिस्टरे ही केवळ कार्यालयीन वस्तू नव्हेत; ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही त्यांचा तो दस्तऐवज आहे. वाळवी आणि रद्दीवाला या दोघांपासून त्याला जपणे हे आपले कर्तव्य आहे.

मोडी वाचणारी पिढी सरत चालली आहे. घरातील जुनी पत्रे, सनदा, लग्नपत्रिका यांची छायाचित्रे घ्यावीत. मागे नाव, गाव, साल लिहावे. वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, विचारावे आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. कारण जळालेले अभिलेखागार जगाला कळते. विस्मरणात गेलेल्या आजीची वार्ता कोठेच नोंदली जात नाही.

मूळ कळल्याने कोणी थोर वा क्षुद्र ठरत नाही. मात्र आपले पूर्वजही एके काळी या नर्मदातीरी परके म्हणून आले आणि या भूमीने त्यांना आपलेसे केले, हे कळते. आज या शहरात नव्याने येणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी त्यातूनच लाभावी, एवढीच अपेक्षा.