पाणी योजना शासनाच्या ताब्यात दिल्यावर

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथे ग्रामस्थ व कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाणीपुरवठा योजना ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला झेपेनाशी झाली, की एक मागणी हमखास पुढे येते : ‘शासनाने ती ताब्यात घ्यावी.’ ही मागणी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. जी गृहिणी पहाटे उठून कोरड्या नळाखाली घागर लावून बसते, तिला विकेंद्रीकरणाचे तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. परंतु ही मागणी मान्य झाल्यानंतर पुढे काय घडते, याचा पुरेसा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. तो तपासल्यावाचून आपण ठराव करू नये, एवढ्यासाठी आजचा विषय.

कुंभारीत हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. २००६ साली येथे विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पुढे रे नगर आले. तीस हजार घरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०१९ मध्ये केली आणि त्यांपैकी पंधरा हजार घरांचे लोकार्पणही त्यांच्याच हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, वाहनचालक अशी ही कुटुंबे. या वसाहतींच्या चळवळीचे नेतृत्व लाल बावट्याने केले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपले त्यांच्याशी वैचारिक मतभेद आहेत आणि ते राहतील. पण विड्या वळणाऱ्या भगिनीच्या घरी पाणी पोहोचते की नाही, हा त्या मतभेदाचा विषय होऊ शकत नाही.

आता थोडे गणित करू. जलजीवन मिशनचा मापदंड दरडोई, दररोज ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा हजार घरांना रोज ४१ लाख लिटरांहून अधिक, आणि तीस हजार घरांना ८२ लाखांहून अधिक. गावाच्या शिवारात शहराएवढी वस्ती आली, की विहीर आणि एक उंच टाकी यांवर चालणाऱ्या ग्रामीण व्यवस्थेचा हिशेबच उलटतो.

योजना कोलमडते ती बहुधा जलवाहिनी फुटल्यामुळे नव्हे. ती कोलमडते वीजबिलापाशी. पाणी नदीतून उचलायचे, शुद्ध करायचे, टाकीत चढवायचे, प्रत्येक पायरीवर वीज लागते. पाणीपट्टी वाढवली तर पुढची निवडणूक अवघड, म्हणून ती वाढत नाही. आहे ती वसूल होत नाही. थकबाकी साचते, एके दिवशी वीज तोडली जाते, आणि पाणी येत नाही म्हणून उरलेले लोकही पट्टी भरणे थांबवतात. अनेक गावांसाठी मिळून झालेल्या प्रादेशिक योजनांत तर प्रामाणिकपणे पट्टी भरणारे गावही शेजारच्या गावाच्या थकबाकीमुळे तहानलेले राहते. टाकीत टीसीएल पावडर पडली की नाही, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचा पगार झाला की नाही, हे विचारायला मग कोणी उरत नाही.

हा कारभार कायद्याने कोणाचा? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय ठरवला. ७४ व्या दुरुस्तीने शहरांचा पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीत आला. त्याआधीच महाराष्ट्राने १९७६ च्या कायद्याने राज्यस्तरीय पाणीपुरवठा मंडळाची तरतूद केली होती, तेच १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणून ओळखले जाते. म्हणजे जबाबदारी गावाची, पण अभियंते आणि निधी राज्याचा. या दोहोंमधील सांध्यातच आपले पाणी गळते आहे.

राज्यातील सर्वांत मोठे उदाहरण छत्रपती संभाजीनगरचे. जायकवाडीचा नाथसागर शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. तरी अनेक वर्षे तेथील नागरिकांना आठवड्यातून एकदा पाणी मिळत राहिले. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या वाहिन्यांवर वाढत्या शहराचा भार पडला. महापालिकेने समांतर जलवाहिनीसाठी खासगी कंपनीशी करार केला, सप्टेंबर २०१४ मध्ये वितरणही तिच्याकडे सोपवले आणि २०१६ मध्ये तो करार मोडला. त्यानंतर राज्य शासन पुढे आले. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि काम जीवन प्राधिकरणाकडे गेले. मे २०२२ मध्ये याच पाण्यासाठी शहरात जलआक्रोश मोर्चा निघाला. खर्चाचा अंदाज सुमारे २,७४० कोटींवर पोहोचला, आणि कामाच्या गतीवर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. सत्तेवर कोण होते, हा प्रश्न येथे गौण मानतो. या काळात सरकारेही बदलली. महापालिका, कंपनी, राज्य असे तीन हात बदलूनही नळाला रोज पाणी येण्याचा दिवस पुढे सरकत राहिला, हे मात्र नोंदवले पाहिजे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. अमरावतीत आणि अंबरनाथ-बदलापूर परिसरात प्राधिकरण स्वतः घरोघरी पाणी देते, बिले पाठवते. तेथे तांत्रिक शिस्त येते. अडचण येते ती तक्रारीच्या वेळी. नगरसेवक म्हणतो, हे खाते आमचे नाही. आणि प्राधिकरणाचा अभियंता तुमच्या मतांवर निवडून आलेला नसतो. लातूरला तर वेगळाच धडा मिळाला. तेथे योजना प्राधिकरणामार्फत खासगी कंपनीपर्यंत जाऊन आली, नागरिकांनी विरोध केला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरणातच पाणी नसेल तर ताबा कोणाचा, याला काय अर्थ?

परदेशाचे नाव घेतले की आपल्याकडे लगेच कान टवकारले जातात, म्हणून अमेरिकेतील फ्लिंट शहराची हकीकत सांगतो. शहर आर्थिक अडचणीत आले, तेव्हा मिशिगन राज्याने तेथे आपला आपत्कालीन व्यवस्थापक बसवला. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटहून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू करण्यात आले. त्यात गंजरोधक द्रव्य मिसळले गेले नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि लेकरांच्या रक्तापर्यंत गेले. रहिवासी बाटल्यांत गढूळ पाणी भरून सभांना येत होते. पण खरा निर्णयाधिकारी त्यांना उत्तरदायी नव्हता. त्याच देशात २०२२ साली जॅक्सन शहराचे जलशुद्धीकरण केंद्र बंद पडले आणि न्यायालयाने बाहेरचा व्यवस्थापक नेमला. तेथे बाहेरच्या हस्तक्षेपावाचून गत्यंतरच नव्हते. रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावे लागते, हे मान्य. पण घरी कधी सोडणार, हे आप्तांनी विचारायलाच हवे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. राज्य ही समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक संस्था आहे, ती महत्त्वाची असली तरी समाजाची जागा घेऊ शकत नाही, ही त्यातील धारणा. सोलापूरकरांना ती नवी वाटू नये. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी येथे तळे खोदवले, ते भक्तांच्या श्रमातून. त्या तळ्याकाठी आजही आपली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरते. भक्तांनी खोदले म्हणून ते आपले झाले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर नाशिक जिल्ह्यातील ओझरचे घ्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. शासन धरणातून पाणी मोजून देते, संस्था ते आपसांत वाटते आणि पट्टी स्वतः गोळा करते. ते शेतीचे पाणी आहे, हा भेद आहेच; पण मोजून घेणे आणि मोजून देणे ही रीत पिण्याच्या पाण्यालाही लागू पडते.

म्हणून माझे मत असे : वेशीपर्यंत शासन, वेशीच्या आत गाव. उजनी किंवा भीमेचे पाणी आणणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नाही. सोलापूर शहरासाठी टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत नदीतून पाणी सोडताना शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी खर्ची पडत आले, हे आपण पाहिले आहे. असे प्रश्न राज्यानेच सोडवावेत. उद्भव, मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण त्याने निःसंकोच ताब्यात घ्यावे. पण वेशीवर मोठे मीटर बसले पाहिजे. तेथून पुढचे वितरण, वेळापत्रक आणि वसुली गावाची व वसाहतीची. जलजीवन मिशनने पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे म्हटलेच आहे. ती समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असते. येथे ती गोदूताई वसाहतीतील आणि रे नगरातील भगिनींसह बसावी. आणि वितरणही काही काळ शासनाकडे द्यावेच लागले, तर परत करण्याची तारीख ठरावातच लिहून घ्यावी, जुनी वीज थकबाकी कोण फेडणार हेही त्यातच असावे.

पुढच्या ग्रामसभेत हे मांडायचे असेल तर तयारी आजपासून हवी. गल्लीनिहाय नळजोडण्या किती, पट्टी किती घरांची थकली, गेल्या बारा महिन्यांचे वीजबिल किती आले, एवढे आकडे कार्यकर्त्यांनी गोळा करावेत. त्यात आपल्या स्वतःच्या घरची पाणीपट्टी भरली आहे का, तेही पाहून यावे.