एका ताटासाठी परगावी

परगावी जावयाचे म्हटले की आपल्याकडे कारण द्यावे लागते. लग्न, मुंज, दुखवटा, कोर्टातील तारीख, देवाचा नवस, मुलांच्या परीक्षा ही सारी कारणे मान्य आहेत. परंतु "तिकडे अमुक एक पदार्थ फार चांगला मिळतो, तेवढा खाऊन येते," हे कारण सांगून पाहा! पुरुषाने सांगितले तर घरात थोडे हसू पिकते. घरातील बाईने सांगितले तर हसूही पिकत नाही. क्षणभर सर्वजण तिच्या तोंडाकडे पाहत राहतात, आणि मग सासूबाई विचारतात, "बरोबर कोण आहे?"

बरोबर कोणी नाही, असे उत्तर देऊन मी एकदा सकाळी घराबाहेर पडले. त्या एका दिवसाची ही कैफियत आहे.

मी राहते ते गाव नगर. सरकारी कागदावर त्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. बोलताना मात्र जिभेवर अद्याप नगरच येते. नगरच्या माणसास खाण्यासाठी कोठे जावयाचे तर पहिले नाव पुण्याचे सुचते, व त्यात नवल नाही. राज्याची पहिली एस. टी. गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती नगर आणि पुणे यांच्याच दरम्यान. तेव्हापासून या रस्त्यावरील वर्दळ कधी थांबलेली नाही. पण पुण्याच्या खाण्यात एक मोठी अडचण आहे. ते पुण्यास न जाताही मिळते! तेथील बाकरवडी, चिवडा, बिस्किटे ही पुड्यांत बांधून रोज आमच्या दारात येऊन पडतात. जो पदार्थ आपण होऊन प्रवास करतो, त्याच्यासाठी आपण प्रवास का करावा? माझ्या मते जावे ते अशा पदार्थासाठी की जो आपली जागा सोडीत नाही. असा एक पदार्थ आमच्यापासून सुमारे ११५ किलोमीटरवर आहे, पण आमच्याकडील पुष्कळ मंडळींनी त्याचे केवळ नाव ऐकलेले असते. तो म्हणजे जुन्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया.

तारकपूरच्या स्थानकावरून सकाळची गाडी धरावी. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये सर्व स्त्रियांस अर्धे तिकीट झाले आहे. ही सवलत देताना बायका खाण्यासाठी गावोगाव हिंडतील असे कोणाच्या मनात असेलसे वाटत नाही. पण सवलत दिली ती दिली. कंडक्टरने "मावशी, कुठं?" असे विचारले, आणि मी गावाचे नाव सांगताच तिकीट हातावर ठेवून तो पुढे गेला. इतक्या वर्षांत मला कारण न विचारणारा तो पहिला मनुष्य!

इमामपूरचा घाट उतरला, पांढरीचा पूल मागे पडला, की रस्ता सपाट होतो. घोडेगावला कांद्याच्या गोण्यांनी लादलेल्या मालमोटारी दिसतात. मग नेवासे फाटा. आत नेवासे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यानंतर प्रवरासंगम, आणि गोदावरीचा लांब पूल.

या पुलावर मी खिडकीशी सरसावून बसले. आज पूल ओलांडल्यावर फक्त जिल्हा बदलतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे राज्य बदलत असे. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. पलीकडचे नाणेसुद्धा निराळे, त्यास हाली शिक्का म्हणत. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नकाशावरील रेघ अशी पुसली गेली. स्वयंपाकघरातील रेघा मात्र इतक्या लवकर पुसल्या जात नाहीत. खेड्यापाड्यांतून दोन्ही तीरांवर भाकरी, ठेचा व हुलग्यांचे शेंगोळे हेच अन्न आहे, हे खरे. पण शहराच्या तटाआत शिरताच चुलीची भाषा बदलते, आणि ती ऐकावयाची तर नदी ओलांडूनच गेले पाहिजे.

वास्तविक हे शहर नगरकरास परके वाटू नये. नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी नावाच्या गावी राजधानी वसविली, तेच हे शहर. त्याने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. लोक याला बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. मी बावन्न मोजावयास गेले नव्हते. मला भूक लागली होती.

आता नान-खलिया म्हणजे काय ते सांगते. नान म्हणजे हल्ली सर्वत्र हॉटेलांत मिळणारी ती पातळ, लांबट रोटी नव्हे. ही गोल, जाड आणि पावासारखी मऊ असते. आंबविलेल्या पिठाची ही नान भट्टीच्या आतील भिंतीस थापून भाजतात. वरून हळद व गूळ यांच्या पाण्याचा हात फिरवितात, त्यामुळे तिला सोन्यासारखा रंग येतो आणि किंचित गोडी राहते. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा, हळदीने पिवळा झालेला, वर तेलाची तर्री. तो मोठ्या डेगेत, पंगतीच्या प्रमाणात रटरटत राहावा लागतो. चार माणसांपुरता केला तर साधतो तो नुसता रस्सा. घरी हा पदार्थ होत नाही याचे कारण हेच. घरात ना भट्टी, ना डेग, ना दोनशे माणसांची भूक.

हा पदार्थ कोठून आला याविषयी तेथे एक गोष्ट सांगतात. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये आपली राजधानी दिल्लीहून जवळच्या दौलताबादेस हलविली. एवढ्या फौजेस एकाच वेळी जेवू घालावयाचे, म्हणून आचाऱ्यांनी जमिनीत भट्ट्या खणून नाना भाजल्या व डेगांत खलिया शिजविला. ही आख्यायिका आहे, आणि ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तथापि तिच्यात एक मर्म आहे. हा पदार्थ कोणा राजाच्या मुदपाकखान्यातील नाजूक चोचला नसून मोठ्या जमावाचे, दमलेल्या माणसांचे अन्न आहे, हे पहिल्या घासालाच पटते.

आणि असे जमावाचे अन्न मी एकटी खावयास गेले होते! शहागंजच्या बाजूस एका लहानशा हॉटेलात शिरले. खाली सर्व बाकांवर पुरुष. भिंतीवर पाटी होती की कुटुंबासाठी बसण्याची सोय वर आहे. गल्ल्यावरील वृद्ध गृहस्थांनी माझ्यामागून कोणी येत आहे काय हे पाहिले. कोणी येत नाही असे दिसल्यावर ते म्हणाले, "खाला, अकेले हैं? ऊपर बैठिये, आराम से." म्हणजे एकट्या बाईस कुटुंब समजावे की नाही हा प्रश्न त्यांनी अर्ध्या क्षणात सोडविला. आमच्या घरी त्याला आठ दिवस लागले होते.

वर तीन कुटुंबे बसली होती. जागा एकीच्याच टेबलाशी रिकामी होती. तेथील आजीबाईंनी मुलास सरकवून मला बसविले. ताट आले. मी सवयीने नानेचा लहान तुकडा तोडून रश्शात टेकविला, तेव्हा त्यांना राहवेना. तसे नव्हे, असे म्हणून त्यांनी स्वतःची नान बोटांनी तोडली, तुकडे वाटीत बुडविले आणि थोडा वेळ हात थांबविला. नानेने रस्सा पिऊ द्यावा लागतो. मग घास मऊ होतो. आधी तिखट लागते आणि मागून ती गुळाची गोडी हलकेच येते. कांदा, लिंबू आणि तो घास. मी बराच वेळ काही बोलले नाही. कोणाला वाढावयाचे राहिले आहे, कोणाचे पान रिकामे आहे, हे पाहण्यासाठी मान वर केली तेव्हा ध्यानात आले की येथे माझ्याकडे ते काम नाही.

श्रोतेहो, असे परक्या टेबलाशी बसणे ही लहान गोष्ट आहे काय? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. तेवढ्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. प्रवासात शिदोरी बांधून नेण्याची आपली चाल आपण काटकसरीची म्हणून सांगतो. पण तिच्या गाठीत दुसऱ्याच्या हातचे न खाण्याचा नेमही बांधलेला असे. ज्यांना गावातील हॉटेलात कपही वेगळा मिळे, त्यांची गोष्ट तर याहून कडू आहे. सार्वजनिक उपाहारगृहात धर्म, जात किंवा लिंग यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, हे राज्यघटनेत लिहावे लागले. तेव्हा आजीबाईंच्या शेजारी बसून मी जी नान खाल्ली, तिच्या भट्टीला पुष्कळांनी सरपण घातलेले आहे.

एकटे जाण्यात उणीव नाही असे मी म्हणणार नाही. पोट एकच असते. चार जण गेले तर चार पदार्थ मागवून प्रत्येकातून दोन घास घेता येतात; एकट्यास एका ताटातच दिवस संपवावा लागतो. शिवाय, "वा, काय झाले आहे!" हे म्हणावयास समोर कोणी नसते, आणि ते मनातल्या मनात म्हणण्यात निम्मी गंमत जाते. पण चार जणांत एकाचे पथ्य असते, दुसऱ्यास तिखट सोसत नाही, तिसऱ्यास परतीची घाई असते. शेवटी सर्वांना चालेल असे काहीतरी मागविले जाते आणि ते कोणासच आवडलेले नसते. वर्षानुवर्षे घराचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर आपल्याला स्वतःला काय आवडते हेच नीट सांगता येत नाही. ह्यांना अळणी लागते, मुलांना गोड लागते. तिचे काय, हे तिलाही आठवावे लागते.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रमजानच्या महिन्यात तेथील खाण्याचा बाजार सूर्यास्तानंतर जागा होतो. सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्याने तो महिना टाळावा. आणि मांसाहार न करणाऱ्यांनी गुलमंडीकडे वळावे. तेथील इम्रती प्रसिद्ध आहे. जिलेबी मैद्याची, इम्रती उडदाच्या डाळीची. दिसण्यात बहिणी असल्या तरी स्वभाव निराळे. ती ऊन असतानाच खावी.

खलिया बांधून नेण्याचा मोह मी टाळला. तीन तासांत तो गार होणार, नान वातड होणार, आणि घरी गरम करून वाढल्यावर "एवढ्यासाठी गेली होतीस?" असे ऐकावे लागणार. इम्रतीचा पुडा मात्र घेतला. चारची गाडी होती. पुलावर आलो तेव्हा गोदावरीवर तिरपे ऊन पडले होते, आणि शेजारी बसलेल्या मुलीने विचारले, "काकू, कुणाकडे गेला होतात?"

"कुणाकडे नाही, जेवायला गेले होते," मी म्हटले.

तिने थोडा विचार केला आणि हॉटेलचा पत्ता मागितला.