बडनेरा : एका नावाचा मतदारसंघ

मुंबईहून येणारे कितीतरी अमरावतीकर बडनेऱ्यालाच उतरतात. हावड्याचा मुख्य रेल्वेमार्ग इथून जातो, अमरावतीला फुटतो तो फाटा. या गावाच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ मात्र गावापेक्षा बराच मोठा. अमरावती महापालिकेचा काही भाग त्यात आहे, तशीच भातकुली तालुक्यातली खेडीही. त्यामुळे एकाच आमदाराच्या दारात शहरातला माणूस नाली-रस्त्याचं गाऱ्हाणं नेतो, आणि भातकुलीची बाई खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं. घोटभर पाणी घेतलं तरी जिभेवर मीठ उरतं! मला हेच गाऱ्हाणं अधिक जड वाटतं. २००४ साली इथून सुलभा खोडके निवडून आल्या. २००९पासून सलग चार निवडणुका रवी राणांनी जिंकल्या. पहिल्या तीन अपक्ष म्हणून, २०२४ची युवा स्वाभिमान पक्षातर्फे. खोडके २०१९मध्ये शेजारच्या अमरावती मतदारसंघातून पुन्हा विधानसभेत गेल्या.