सुरेखाताईंची छत्तीस वर्षं

आपल्या पौडला रेल्वे नाही. गाडी धरायची तर लोणावळा नाहीतर पुणे गाठायचं. तरी आज आम्ही रेल्वेचंच बोलणार आहोत, कारण साताऱ्याच्या एका लेकीनं 36 वर्षं रेल्वेत काढली, आणि तीही इंजिनात. सुरेखा यादव त्यांचं नाव. 30 सप्टेंबर 2025 ला त्या मध्य रेल्वेतून निवृत्त झाल्या.

माहेरच्या त्या भोसले. शेतकऱ्याचं घर, पाच भावंडांत ही थोरली. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. 1986 मध्ये रेल्वेची परीक्षा दिली, कल्याणला प्रशिक्षण घेतलं आणि 1989 मध्ये सहायक चालक झाल्या. आशिया खंडातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात.

पेपरात ‘पहिली महिला’ एवढंच येतं. आम्हाला मोठी वाटतात ती त्यानंतरची वर्षं. सुरुवात मालगाडीवर झाली. मालगाडीला कसलं आलंय वेळापत्रक! रात्री-अपरात्री बोलावणं येतं. सिग्नल मिळेपर्यंत गाडी आडरानात उभी. सिग्नल दिसला की सहायकानं तो मोठ्यानं सांगायचा, चालकानं तोच परत म्हणायचा. डुलकी लागून चालत नाही. आणि इंजिनात संडास नाही. पाळीच्या दिवसांत बाईनं काय करायचं, हे इंजिन बांधणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. आता कुठे काही नव्या इंजिनांत सोय होऊ लागली आहे.

2000 साली त्या मुंबईत लेडीज स्पेशल लोकल चालवू लागल्या. पुढे घाटाचं खास प्रशिक्षण घेतलं. लोणावळ्याखालचा बोरघाट आपण गाडीत बसून बघतो तेव्हा धबधबे दिसतात. चालकाला दिसतो उतार: 37 फूट पुढे गेलं की 1 फूट खाली. चढताना मागून जादा इंजिनं ढकलतात, पण उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. 8 मार्च 2011 ला याच घाटातून त्यांनी डेक्कन क्वीन मुंबईला नेली. 13 मार्च 2023 ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, तेव्हा वय होतं 57.

आता आपल्या घरातलं. दहावी झाली की मुलगा आयटीआयला आणि मुलगी शिवणक्लासला, हे अजून चालू आहे. सहायक चालकाच्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड त्यात बसतात. तेव्हा निकाल लागल्यावर लेकीचा फॉर्म भरताना हेही विचारा. आणि डोळे आधी तपासून घ्या. तिथली तपासणी फार कडक असते, चष्मा चालत नाही.